जुन्या घराला हीट पंप चालेल का? आधी पाणी किती गरम लागतं ते पाहा

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा दिसतो. जुनं दुमजली घर, छताला इन्सुलेशन आहे पण भिंतींना नाही. घरभर रेडिएटर, पंधरा वर्षांचा २४ किलोवॉटचा गॅस बॉयलर, आणि वरच्या दोन खोल्यांत जुने एसी. हिवाळ्यात पारा उणे ८ पर्यंत उतरतो, उन्हाळा दमट आणि ३५ अंशांच्या घरातला. एका ठेकेदाराने १६ किलोवॉटचा हीट पंप सुचवला, दुसऱ्याने ९ चा. त्यात ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की कडाक्याच्या थंडीत हे यंत्र मान टाकतं. एकाच यंत्रात घर गरम आणि गार दोन्ही होणार असेल तर बॉयलर काढून ते घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी घरांच्या हीटिंग-कूलिंगचं डिझाइन करते, आणि यंत्र बसल्यानंतर पहिल्या हिवाळ्यातली मीटरची रीडिंगही मागून घेते, कारण कागदावरचं गणित खरं ठरलं का ते तिथेच कळतं. त्या अनुभवावरून सरळ मत देते. तुमच्या घराला हीट पंप चालेल अशी दाट शक्यता आहे. १६ चा मात्र नको. आणि गार करण्याचं कामही त्याच यंत्राच्या गळ्यात बांधण्याआधी जरा थांबा. पण हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे आणि ती दोन्ही ठेकेदारांनी तुम्हाला विचारलेली दिसत नाही: सर्वांत थंड दिवशी घर उबदार ठेवायला रेडिएटरमधलं पाणी किती गरम लागतं? ब्रँड, वॉरंटी, मोबाइलवरचं ॲप हे सगळं त्यानंतर.

हा आकडा इतका महत्त्वाचा का, ते सांगते. बॉयलर इंधन जाळून उष्णता तयार करतो. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून आत आणतो. उंचावरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपासारखंच हे आहे: टाकी जितकी उंच, तितकी वीज जास्त. इथे उंची म्हणजे बाहेरची हवा आणि रेडिएटरमधलं पाणी यांच्या तापमानातलं अंतर. बाहेर शून्य अंश असताना पाणी ३५ अंशांचं पुरत असेल, तर भौतिकशास्त्राच्या नियमाने एका युनिट विजेत जास्तीत जास्त ८.८ युनिट उष्णता मिळू शकते (युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, वीज असो वा उष्णता). तेच पाणी ५५ अंशांचं लागलं तर ही कमाल मर्यादा ६ वर येते. प्रत्यक्षातली यंत्रं या मर्यादेच्या साधारण ४० ते ५० टक्के गाठतात. म्हणजे पहिल्या घरात एका युनिटला साडेतीन ते जवळपास साडेचार युनिट उष्णता, आणि दुसऱ्यात अडीच ते तीन. यंत्र तेच, दिवसही तोच. फरक फक्त घराचा. व्यवहारात मी असं धरते की पाणी एक अंशाने कमी गरम करून भागलं, तर वीज दोन ते तीन टक्क्यांनी वाचते.

आता थंडीत मान टाकण्याबद्दल. यंत्राच्या नळ्यांतून फिरणारा वायू अतिशय कमी तापमानाला उकळतो. या यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या वायूंपैकी प्रोपेन साध्या वातावरणीय दाबाला उणे ४२ अंशांना उकळतो, आर-३२ नावाचा वायू तर उणे ५२ च्या आसपास. अशा वायूच्या दृष्टीने उणे ८ अंशांची हवा चांगलीच गरम आहे, तिच्यातून घेण्यासारखी उष्णता भरपूर आहे. घराघरांत हीट पंप असण्याचं प्रमाण जगात सर्वाधिक कुठे आहे, तर नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमध्ये. तिथली थंडी तुमच्यापेक्षा कडक आहे.

तरीही त्या सांगण्यात तथ्याचा अंश आहे. पारा उतरतो तशी यंत्राची क्षमता कमी होते, आणि नेमकी त्याच वेळी घराची गरज वाढते. यंत्रावर लिहिलेला किलोवॉटचा आकडा बहुतेक वेळा बाहेर ७ अंश असतानाचा असतो. ९ किलोवॉटचं म्हणून विकलेलं यंत्र उणे ८ ला, ५० अंशांच्या पाण्यावर, ९ देईलच असं नाही. कुणाचं ६ देतं, कुणाचं ९ च्या ९. हे उत्पादकाच्या तांत्रिक तक्त्यात दिलेलं असतं, जाहिरातीच्या घडीपत्रकात नसतं. तो तक्ता मागा, आणि उणे ७ किंवा उणे १० च्या ओळीतला आकडा वाचा.

दुसरं तथ्य बर्फाचं. बाहेरच्या युनिटच्या कॉइलवर हवेतलं बाष्प गोठतं, ते यंत्राला अधूनमधून वितळवावं लागतं. लोकांना वाटतं हा त्रास कडाक्याच्या थंडीत सर्वांत जास्त. प्रत्यक्षात शून्य ते पाच अंशांच्या ओलसर, धुक्याच्या दिवसांत तो जास्त असतो, कारण खूप थंड हवेत बाष्पच कमी असतं. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो: पंखा अचानक थांबतो, आतला व्हॉल्व्ह फुस्स आवाज करून उलटतो, कॉइलवरून पाण्याच्या धारा लागतात आणि वाफेचा ढग उठतो, जणू यंत्राने पेट घेतलाय. काही मिनिटांत पंखा पुन्हा सुरू होतो. हे बिघडणं नव्हे. या वेळी यंत्र घरातल्याच पाण्यातली उष्णता थोडा वेळ उसनी घेतं, म्हणून पाइप-रेडिएटरमध्ये पुरेसं पाणी फिरतं असावं लागतं. किमान किती, ते उत्पादक लिहून देतो. ते कमी पडत असेल तरच छोटी बफर टाकी, म्हणजे जादा पाणी साठवणारी टाकी, लावायची. ‘सगळेच लावतात’ म्हणून लावलेल्या टाकीत गरम आणि परतीचं पाणी मिसळतं आणि यंत्राला विनाकारण जास्त तापमान गाठावं लागतं.

आता १६ की ९. यासाठी कुणाच्या अंदाजावर विसंबायची गरज नाही. तुमचा गॅसमीटर उत्तर देतो.

एखादा चांगला थंड दिवस निवडा. घर दिवसरात्र एकाच तापमानाला ठेवा आणि बरोबर चोवीस तासांच्या अंतराने मीटरची दोन रीडिंग घ्या. मीटर घनमीटरमध्ये असेल तर एक घनमीटर नैसर्गिक वायू म्हणजे साधारण साडेदहा युनिट उष्णता धरा. उदाहरणासाठी मी आकडे घेते, तुम्ही तुमचे घाला. समजा दिवसभरात १३० युनिट गॅस गेला आणि त्यातला १० युनिट अंघोळ-भांड्यांच्या गरम पाण्याला. उरले १२०. बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर घराला मिळाली १०२ युनिट उष्णता. चोवीसने भागलं की सरासरी सव्वाचार किलोवॉट. त्या दिवशी बाहेरची सरासरी २ अंश आणि आत २० अंश असेल तर अंतर १८ अंशांचं. म्हणजे दर अंशामागे घर साधारण २३६ वॉट गमावतं. उणे ८ च्या रात्री अंतर होतं २८ अंश, आणि गरज ६.६ किलोवॉट. दिवसा खिडकीतून आलेलं ऊन, माणसं, उपकरणं यांची जी फुकटची ऊब या मोजणीत लपलेली असते, ती पहाटे चारला नसते. म्हणून मी त्यावर दहा-पंधरा टक्के चढवते. तरी साडेसातच्या आसपास.

मग बॉयलर २४ चा कसा? कारण टाकीशिवाय नळाला लगेच गरम पाणी देणारा बॉयलर त्या शॉवरच्या हिशोबाने निवडलेला असतो. घर उबदार ठेवायला त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा लागतो. १६ चा सल्ला देणाऱ्याने बहुधा बॉयलरकडे बघून ‘थोडा कमी’ धरलाय.

मोठं घेतलं तर बिघडलं कुठे, असं वाटेल. बिघडतं ते थंडी सौम्य असलेल्या दिवसांत, आणि हिवाळ्यातले बहुतेक दिवस तसेच असतात. गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारं इन्व्हर्टर यंत्रही साधारण पाव ते एक तृतीयांश क्षमतेच्या खाली उतरू शकत नाही. १६ चं यंत्र चार-पाच किलोवॉटवर थांबतं. बाहेर १० अंश असताना वरच्या उदाहरणातल्या घराला हवेत २.४. मग यंत्र सुरू होतं, पाणी झटपट तापतं, बंद पडतं, पुन्हा सुरू होतं, दिवसभर हेच. कॉम्प्रेसर झिजतो आणि वीज वाया जाते. ९ चं यंत्र त्याच दिवशी हळूहळू, जवळजवळ न थांबता चालतं. आणि वर्षातली पाच-सहा अतिथंड तासांची तूट निघाली, तर तेवढ्यापुरता यंत्रातला साधा विजेचा हीटर मदतीला येऊ शकतो. त्याच्यासाठी वर्षभर मोठं यंत्र पोसायला नको.

एक सावधगिरी. रात्री हीटिंग बंद ठेवत असाल किंवा अर्ध्याच खोल्या गरम करत असाल, तर गॅसमीटरचा हिशोब कमी आकडा दाखवेल. म्हणून खोलीनिहाय उष्णता-हानीचं गणितही हवंच: प्रत्येक भिंत, खिडकी, छत, जमीन यांचं क्षेत्रफळ, त्यातून दर अंशाला किती उष्णता जाते, आणि फटींतून किती हवा येते-जाते. इन्सुलेशन नसलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीच्या एका चौरस मीटरमधून दर अंशाला सुमारे दोन वॉट जातात. तीच भिंत नीट इन्सुलेट केली तर अर्धा वॉट किंवा त्याहून कमी. ही दोन्ही गणितं एकमेकांच्या जवळ आली की मी निर्धास्त होते. फार लांब असली तर कुठेतरी मोठी फट आहे किंवा कुणीतरी भिंत चुकीची धरलीय.

आता रेडिएटर. बहुतेकांचं घोडं इथे अडतं, आणि इथेच लोकांना नको तितकी भीती घातली जाते. कॅटलॉगमध्ये रेडिएटरचे जे वॉट लिहिलेले असतात ते खोलीपेक्षा पाणी ५० अंशांनी जास्त गरम असताना. म्हणजे खोली २० आणि पाणी सरासरी ७० अंश. हे अंतर ३० वर आणलं की रेडिएटर निम्म्याच्या किंचित वर देतो. २५ वर आणलं की सुमारे ४० टक्के. समजा बैठकीच्या खोलीला ८०० वॉट लागतात आणि तिथला रेडिएटर १५०० चा आहे. सरासरी ५० अंशांच्या पाण्यावर तो ७७० देईल. जवळपास भागलं. ४५ वर ६१० देईल, तिथे कमी पडेल. आता घरातल्या प्रत्येक खोलीसाठी हेच करा. माझ्या पाहण्यात जुन्या घरांत बरेच रेडिएटर गरजेपेक्षा मोठेच लावलेले असतात, आणि बदलावे लागतात ते दोन-तीन खोल्यांतले. एका पॅनेलचा काढून त्याच लांबीचा दोन किंवा तीन पॅनेलचा लावला तरी काम होतं. सगळं घर खोदून जमिनीखाली पाइप टाकल्याशिवाय हीट पंप चालत नाही, हे खरं नाही. जमीन आधीच उकरायची असेल तर जरूर टाका. त्यासारखं सुख नाही.

पण गणितावर विश्वास बसत नसेल तर सध्याच्या बॉयलरवरच परीक्षा घ्या. येत्या हिवाळ्यात बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचं तापमान ५० अंशांवर आणा, रेडिएटरचे सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि हीटिंग बंद-चालू न करता सलग चालू ठेवा. सर्वांत थंड आठवड्यात प्रत्येक खोलीत एक साधा थर्मामीटर ठेवून नोंद करा. ज्या खोल्या २० ला पोचतात त्यांना हात लावू नका. ज्या १७ वर अडकतात त्यांची यादी करा. तीच तुमच्या कामाची यादी. सगळंच घर पोचलं तर ४५ करून पाहा. दोन पथ्यं मात्र पाळा. वापराच्या गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर तिचं तापमान ६० च्या खाली आणू नका, कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला जीवाणू वाढतो. आणि तुमचा बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचा, म्हणजे धुरातल्या बाष्पाची उष्णताही वापरणारा, आहे याची खात्री करा. त्या प्रकाराला थंड परतीचं पाणी मानवतं आणि गॅसही वाचतो. जुन्या साध्या बॉयलरमध्ये मात्र आत पाणी सुटून गंज धरतो, तिथे ही परीक्षा आठवड्यापेक्षा जास्त लांबवू नका.

आतापर्यंतचं थोडक्यात: गॅसमीटरवरून यंत्राचा आकार कळतो, ५० अंशांच्या परीक्षेवरून घराची तयारी कळते. दोन्हीला पैसा लागत नाही, आणि दोन्ही झाल्यावर ठेकेदाराशी बोलण्याचा सूरच बदलतो.

पैशाचं काय? इथे मी कुणालाही ‘बिल इतकं कमी होईल’ असं छातीठोक सांगत नाही, कारण ते तुमच्या विजेच्या आणि गॅसच्या दरांच्या गुणोत्तरावर ठरतं. हिशोब साधा आहे. विजेच्या एका युनिटच्या दराला गॅसच्या एका युनिटच्या दराने भागा. येणाऱ्या संख्येला बॉयलरच्या कार्यक्षमतेने, म्हणजे ०.८५ किंवा ०.९ ने गुणा. हीट पंप वर्षभरात एका युनिट विजेला सरासरी जितकी युनिट उष्णता देतो तो आकडा याच्या वर गेला तर चालवण्याचा खर्च कमी, खाली राहिला तर जास्त. वीज गॅसच्या तिप्पट महाग असेल तर २.६-२.७ ला बरोबरी होते. चौपट असेल तर साडेतीनला, आणि जुन्या घरात ते गाठणं कष्टाचं. तेल, बाटलीतला गॅस किंवा साध्या विजेच्या हीटरवर चालणाऱ्या घरांत हा हिशोब बहुधा हीट पंपाच्या बाजूने झुकतो. स्वस्त पाइप-गॅस असलेल्या घरात तो अटीतटीचा होतो.

वर्षभराचा आकडा किती धरायचा? जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने लोक राहत असलेल्या जुन्या घरांमध्ये प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपांची सरासरी ३.१ आली. घरागणिक मात्र ती २.५ पासून ३.८ पर्यंत बदलत होती. २.५ आणि ३.८ मधलं अंतर बघा. तेवढ्यात नफ्याचा तोटा होतो. आणि माझ्या अनुभवात ते अंतर यंत्राच्या किमतीपेक्षा बसवण्याच्या दर्जावर ठरतं.

बसवताना काय बिघडतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला लक्ष ठेवता येईल. पहिलं, पाइपांची जाडी. बॉयलरमधून निघालेलं आणि परत आलेलं पाणी यांत वीसेक अंशांचं अंतर चालतं, हीट पंपाला पाचेक अंशांचंच हवं. म्हणजे तेवढीच उष्णता पोचवायला चौपट पाणी फिरायला हवं. साडेसात किलोवॉटला मिनिटाला २१ लिटरहून जास्त, बॉयलरला साडेपाचच्या आत भागत होतं. मुख्य पाइप बारीक असतील तर पाण्याचा आवाज येतो, दूरच्या खोल्या थंड राहतात, आणि मग कुणीतरी येऊन पाण्याचं तापमान वाढवून जातं. रोग पाइपात, औषध यंत्राला.

दुसरं, नियंत्रण. बाहेरच्या तापमानाप्रमाणे पाण्याचं तापमान आपोआप खाली-वर करणारी सोय आज जवळपास प्रत्येक यंत्रात असते. उणे ८ ला ४८ अंश आणि १५ ला २८ अंश, असा तो उतार तुमच्या घराप्रमाणे हळूहळू जुळवायचा असतो. बसवणाऱ्याला घाई असते. तो एकच ठोस तापमान, बहुधा ५५, लावून मोकळा होतो. ग्राहकाची तक्रार येत नाही, येतं ते बिल. म्हणून करारातच लिहून घ्या की बसवल्यानंतर थंडीत एकदा येऊन तो उतार जुळवून द्यायचा.

तिसरं, तो मदतीचा विजेचा हीटर. तो एका युनिटला एकच युनिट उष्णता देतो. बिल भलतंच आलं म्हणून मला बोलावलेल्या एका घरात तो बाहेर ५ अंश झाले की सुरू व्हावा असा ठेवलेला होता, म्हणजे जवळपास अख्खा हिवाळा. यंत्र निर्दोष होतं, सेटिंगचा एक आकडा बदलावा लागला. तुमच्या यंत्रात तो हीटर कोणत्या तापमानाला येतो आणि महिन्याभरात किती तास चालला, हे पाहायला शिका. पडद्यावर ते दिसतं.

आणि राहणाऱ्यांनाही सवय बदलावी लागते. बॉयलरवर आपण घरी आल्यावर हीटिंग पूर्ण वाढवतो आणि अर्ध्या तासात रेडिएटर हाताला चटका देतो. हीट पंपावर रेडिएटर कोमट लागतो आणि खोली दिवसभर एकसारखी उबदार राहते. रात्री दोनेक अंश कमी करा, पण घर पूर्ण गार पडू देऊन पहाटे धावपळ करायला लावू नका. घरात सतत थंडी वाजणारं वयस्कर माणूस असेल तर त्यांना ही एकसारखी ऊब मानवते असा माझा अनुभव आहे, फक्त पहिले पंधरा दिवस ‘रेडिएटर तापतच नाही’ हे ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

आता गार करण्याकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सर्वांत नाजूक वाटतो. हीट पंप उलटा चालवला की एसी होतो, हे अगदी खरं. यंत्राच्या आतला चार तोंडांचा व्हॉल्व्ह फिरतो आणि उष्णता आतून बाहेर जाऊ लागते. अडचण यंत्रात नाही, रेडिएटरमध्ये आहे. खोली २७ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो आकडा, साडेअठरा अंशांच्या आसपास येतो. त्याच्या खालचं पाणी रेडिएटरमध्ये सोडलं की रेडिएटर आणि भिंतीतले पाइप घामेजतात, पाणी ठिबकतं, बुरशी धरते. त्याच्या वरचं पाणी सोडलं तर खोलीचं तापमान जेमतेम उतरतं आणि हवेतलं बाष्प अजिबात निघत नाही. दमट उन्हाळ्यात बाष्प काढणं हेच तर अर्धं काम आहे. जमिनीखालच्या पाइपांनाही हेच बंधन. कोरड्या हवेच्या प्रदेशात ते सुखद गारवा देतात, तुमच्या हवेत ओल आणतील.

त्यामुळे तुमच्यापुढे खरे रस्ते दोन. एक, पाण्यावर चालणारा हीट पंप आणि उन्हाळ्यासाठी काही खोल्यांत पंखा व कॉइल असलेली युनिटं. त्यांना ठिबकणारं पाणी बाहेर नेणारी नळी हवी आणि थंड पाण्याच्या सगळ्या पाइपांवर बाष्प न शिरू देणारं आवरण हवं. दुसरा, हवेतून थेट हवेत काम करणारी यंत्रं, म्हणजे गरमही करणारे स्प्लिट एसी. यांना रेडिएटर लागत नाहीत, बसवणं सोपं, आणि पाणी मध्ये नसल्याने कार्यक्षमताही चांगली. उणीव अशी की ती वापराचं गरम पाणी देत नाहीत, बंद दारांमागच्या खोल्यांत ऊब पोचत नाही, आणि झोपायच्या खोलीत अंगावर येणारा गरम झोत काहींना सोसत नाही.

कुठलाही मार्ग घ्या, गार करण्यासाठीही मोठं यंत्र नको. मोठा एसी पाच-दहा मिनिटांत तापमान गाठून बंद पडतो आणि बाष्प हवेतच राहतं. खोली २४ अंश असूनही चिकचिक जात नाही. छोटा, मंद गतीने बराच वेळ चालणारा एसी हवा कोरडी करतो. आणि त्याआधी खिडक्यांना बाहेरून सावली करा. तीन चौरस मीटरच्या पश्चिमेच्या काचेतून दुपारच्या उन्हात एक किलोवॉटहून जास्त उष्णता आत येऊ शकते. पडदा आतून लावला की ती उष्णता आत आलेलीच असते. बाहेरची झडप किंवा छत्री तिला उंबऱ्याबाहेर थोपवते.

जागेबद्दल थोडक्यात. बाहेरचं युनिट दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवू नका, तिथे आवाज परावर्तित होऊन वाढतो. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, तेव्हा शेजाऱ्यांच्या आणि तुमच्या झोपायच्या खिडकीपासून दोन मीटर सरकवणंही मोलाचं. समोर मोकळी हवा हवी. दिसायला बरं म्हणून चारी बाजूंनी जाळी-फळ्यांची पेटी केली तर ते स्वतःचीच थंड हवा ओढत बसतं. ते जमिनीपासून उंच ठेवा, आणि बर्फ वितळलेलं पाणी जिथे जाईल तिथे पायवाट नको, पहाटे काच होते. पाणी बाहेरच्या युनिटपर्यंत जात असेल तर थंडीत वीज गेल्यावर ते गोठू नये म्हणून गोठणरोधक द्रव किंवा आपोआप रिकामं करणारे व्हॉल्व्ह आहेत का, हे विचाराच. आणि घराच्या वीजजोडणीचा मंजूर भार पुरतो का, तेही आधीच तपासा.

वायू कोणता आहे हेही बघा. जुना आर-४१०ए गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २०८८ पट तापमानवाढ करतो, आर-३२ सुमारे ६७५ पट, आणि प्रोपेन म्हणजे आर-२९० जवळपास नगण्य. प्रोपेनची यंत्रं ७० अंशांपर्यंत पाणी तापवू शकतात म्हणून जुन्या घरांत लोकप्रिय होत आहेत. प्रोपेन ज्वलनशील आहे, त्यामुळे ते युनिट बाहेरच राहतं आणि खिडकी, तळघराचा झरोका, गटाराचं तोंड यांच्यापासून उत्पादकाने सांगितलेलं अंतर पाळावंच लागतं. ‘७० अंश देतं’ म्हणून रेडिएटरचं काम टाळू नका मात्र. देतं, पण वीज खाऊन देतं.

मी स्पष्ट नको कधी म्हणते? परीक्षेत घराला ६० च्या वर पाणी लागलं आणि भिंती सुधारायची तयारी नसेल तेव्हा. वीज गॅसच्या चौपटीहून महाग असेल तेव्हा. घर फक्त सुट्टीत वापरात असेल तेव्हा, कारण थंडगार घर दोन तासांत तापवणं हे या यंत्राचं काम नव्हे.

तुमच्या जागी मी असते तर या वर्षी बॉयलर काढला नसता. तो अजून चालतोय, त्याचा फायदा घ्या. वरचे जुने एसी जेव्हा बदलायची वेळ येईल तेव्हा गरमही करणारे, लहान क्षमतेचे स्प्लिट घ्या, त्यांतला एक बैठकीच्या खोलीत लावा. बाहेर ५ ते १५ अंश असतील त्या दिवसांत घर त्यावरच ठेवा आणि बॉयलर कडक थंडीसाठी राखा. त्या एका हिवाळ्यात तुम्हाला तुमच्या मीटरवर खरा आकडा मिळेल, उन्हाळ्याची सोय वेगळी मार्गी लागेल, आणि ५० अंशांची परीक्षाही होईल. दरम्यान फटी बुजवा, जमल्यास एखादी उत्तरेची भिंत इन्सुलेट करा. मग बॉयलरच्या जागी येणारा पाण्यावरचा हीट पंप फक्त घर गरम करण्यासाठी आणि गरम पाण्यासाठी निवडता येईल. कदाचित ९ चाही नाही, ७ चा पुरेल.

९ वाल्या ठेकेदाराला एकच विचारा: हा आकडा कुठून आला? त्याने खोलीनिहाय हिशोबाचा कागद पुढे केला तर त्याच्याशीच बोलणं पुढे न्या. आणि थंड दिवसाची चोवीस तासांची गॅसची दोन रीडिंग, त्या दिवसाचं बाहेरचं सरासरी तापमान आणि प्रत्येक रेडिएटरची लांबी, उंची, पॅनेलची संख्या एवढं मला कळवलंत, तर कोणत्या खोल्यांतले बदलावे लागतील ते मी मांडून देईन.